द्रवस्फटिकांत चिमूटभर कण

पदार्थ वाहता असेल तर त्याच्या रेणूंत शिस्त नसावयाची, हा समज १८८८ सालीं डळमळला. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झर यांनीं तापविलेला कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेंटिग्रेडास वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांस निवळला! तो गढूळ द्रव म्हणजेच द्रवस्फटिक. मनगटी घड्याळांतील आंकडे याच जातीच्या द्रवानें उमटतात. त्याचे काडीसारखे रेणू एका दिशेस ओळीनें असतात; विजेचा दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं ते वळतात, आणि त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाची वाट बदलते.

या द्रवांत अतिसूक्ष्म, मीटरच्या अब्जांशांत मोजावयाचे कण मिसळले तर? कायमचें विद्युद्ध्रुवत्व असलेल्या कणांनीं ही मर्यादा खालीं येते, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. कणांभोंवतींचें विद्युत्क्षेत्र शेजारच्या रेणूंस वळावयास साहाय्य करतें. मग थोडक्या दाबानें काम भागतें.

मात्र प्रमाण वाढलें कीं हेच कण एकमेकांस बिलगून त्यांचे पुंजके होतात, रेणूंची ओळ मोडते आणि प्रकाश विखुरतो. चिमटीनें घालावयाची वस्तु मुठीनें घातल्यास काय होतें, हें आमच्या वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको!