रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे

कचेरीतील दूरध्वनी मुके झाले की तेथे जमलेल्या चारचौघांपैकी एकजण हमखास म्हणतो, "एकदा बंद करून चालू करा हो!" आणि गंमत अशी की, पुष्कळदा ते खरोखरच चालू होतात. सांगणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते आणि दोष कोठे होता, हा प्रश्न तेथेच पुरला जातो. माझे मत थोडे लोकविरोधी आहे. दोष न शोधता यंत्र रीसेट करणे म्हणजे पंचनामा होण्यापूर्वीच जागा सारवून टाकणे होय.

पूर्वीच्या ई.पी.ए.बी.एक्स. पद्धतीत प्रत्येक टेबलापर्यंत तारांची स्वतंत्र जोडी जात असे. एक जोडी तुटली तर एक टेबल गप्प होई, बाकीची कचेरी बोलत राही. आता पुष्कळ कचेऱ्यांत दूरध्वनी संगणकांच्याच जाळ्यावर बसवलेले असतात. भिंतीतून येणाऱ्या एकाच केबलमधून त्यांना बोलणेही मिळते आणि वीजही. ती देणारी पेटी म्हणजे स्विच. २००३ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे तिच्या एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. दाब साधारण ४८ व्होल्ट, म्हणजे जुन्या एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांचा होता तोच! परंतु ही एक पेटी रुसली की चोवीस टेबले एकदम गप्प होतात, आणि घाबरलेला मनुष्य टाचणी शोधू लागतो.

टाचणी कशाला, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एका सुट्टीत मी दूरध्वनी-यंत्रणा दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांबरोबर हिंडत असे. सारे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. एका कचेरीतून बोलावणे आले. सकाळी झाडलोट झाली आणि सगळे दूरध्वनी बंद पडले. तेथल्या एका उत्साही तरुणाने स्विच बंद करून चालू केला; दूरध्वनी मिनिटभर बोलले आणि पुन्हा गप्प. दुसऱ्यांदा तेच. तेव्हा त्याने पेटीच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली, आणि हात लागला आहे तर असू द्या म्हणून एक्स्चेंजच्या पेटीलाही तोच प्रसाद दिला. स्विच कोणत्या पोर्टवर दूरध्वनी आणि कोणत्या पोर्टवर संगणक, हे विसरला. एक्स्चेंज सारी एक्स्टेंशने विसरले. बाहेरून फोन आला तर घंटा कोणाच्या टेबलावर वाजवायची, तेही विसरले. या माहितीची प्रत कोणी काढून ठेवलेली नव्हती. आणि दूरध्वनी? ते बंदच होते.

मामांनी कोणतेही बटण दाबले नाही. स्टूल ओढून ते स्विचसमोर बसले आणि दिवे पाहू लागले. सगळे दिवे एकाच वेळी पिसाटासारखे लुकलुकत होते. "अरे, फोन तर सगळे बंद. मग एवढं बोलतंय कोण?" त्यांनी मला विचारले. मला काय कळणार! मग त्यांनी केबली एकेक करून उपसायला सुरुवात केली. सतराव्या केबलीला दिवे शांत झाले. त्या केबलीचा माग काढत आम्ही एका टेबलापाशी पोहोचलो. अशा दूरध्वनीला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे जाणारा आणि दुसरा संगणकाकडे. झाडताना सुटलेली संगणकाची तार कोणीतरी नीटनेटकेपणाने शेजारच्या भिंतीतल्या सॉकेटात खोचली होती. फेरा पूर्ण झाला. एकच संदेश त्यात गरगर फिरत, वाढत राहिला आणि आवाजाला वाट उरली नाही. असा फेरा रोखण्याची सोय स्विचमध्ये होती, पण ती कोणी चालू केलेली नव्हती. तार काढायला अर्धे मिनिट लागले. रीसेटने पुसलेले परत लिहायला दोन दिवस, आणि तेही शिपायाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक्स्टेंशनांचा जुना कागद चिकटवलेला होता म्हणून!

येथे बंद-चालू आणि रीसेट यांतील भेद सांगितला पाहिजे. बंद-चालू केल्याने यंत्राची तात्पुरती स्मृती जाते, ठरवून दिलेली मांडणी राहते. कारखान्यातील मूळ अवस्थेला नेणाऱ्या रीसेटमध्ये मांडणीही जाते. आणि घडल्या गोष्टींची नोंद पुष्कळ यंत्रांत तात्पुरत्या स्मृतीतच असल्यामुळे दोन्ही वेळी तीही पुसली जाते.

पाहायचे तरी काय? मामांची रीत साधी होती. दूरध्वनीचा पडदाच काळा असेल तर वीज पाहावी. पडदा उजळला, पण पत्त्याच्या जागी ०.०.०.० असेल, तर जाळ्याने त्याला पत्ता दिलेला नाही. पत्ता आहे पण एक्स्चेंजकडे नाव नोंदले जात नाही, तर तिकडे जावे. घंटा वाजते परंतु एकाचेच बोलणे दुसऱ्याला ऐकू येते, तर दोष बहुधा वाटेवरच्या राऊटरमध्ये असतो. कारण घंटेचे संदेश आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. चालू दूरध्वनी बंद सॉकेटला लावून पाहावा, बंद असलेला चालू सॉकेटला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

यावर माझा एक मित्र म्हणाला, "रात्री दोन वाजता रुग्णालयाचे फोन बंद पडले तर दिवे मोजत बसू काय?" त्याचे म्हणणे मला मान्य आहे. अशा वेळी आधी बंद-चालू करावेच. पण दिव्यांचे छायाचित्र काढायला आणि पडद्यावरची ओळ टिपून घ्यायला दहा सेकंद पुरतात. टाचणी दाबायलाही तेवढेच लागतात.

शिवाय पुन्हा सुरू होणे नेहमी निरुपद्रवी असते, असेही नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत ए.टी. अँड टी.च्या लांब पल्ल्याच्या जाळ्यातील न्यूयॉर्कचे एक एक्स्चेंज किरकोळ बिघाडामुळे स्वतःच पुन्हा सुरू झाले. "मी परत आलो" हे त्याचे संदेश शेजाऱ्यांकडे गेले. आज्ञावलीतील एका चुकीमुळे, ते लागोपाठ येताच शेजारीही कोलमडून पुन्हा सुरू होऊ लागले, आणि तेच संदेश पुढे धाडू लागले. अशी ११४ एक्स्चेंजे सुमारे ९ तास पडत-उठत राहिली. संदेशांचा भार कमी केला तेव्हा कोठे जाळे स्थिरावले.

आपल्याच जिल्ह्यातील कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉटचे १२८ लाइनींचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालावे म्हणून मुद्दाम घडवलेले ते यंत्र. हे आपल्या मुलांना परीक्षेपुरतेही माहीत नसते. प्रयोगशाळेत आम्हांला नेहमी चालू मंडल मिळते; आकडे ठरल्याप्रमाणे आले की वहीवर सही होते. माझी प्राध्यापकांना विनंती आहे की, वर्षातून दोन तास तरी मंडल मुद्दाम बिघडवून आमच्यापुढे ठेवावे, आणि दोष कसा सापडला, या मार्गाला गुण द्यावेत. चालू झाले की नाही, ते नंतर पाहावे. उद्या कचेऱ्यांतून त्या पेट्यांसमोर आम्हीच उभे असणार.

त्या कचेरीत पुढे मी एकदा गेलो होतो. प्रत्येक दूरध्वनीच्या दुसऱ्या पोर्टपाशी मामांनी पांढरी चिकटपट्टी लावली आहे, आणि तिच्यावर मराठीत व कन्नडमध्ये लिहिले आहे : "येथे फक्त संगणक." एक्स्टेंशनांचा कागद मात्र अजून शिपायाच्या कपाटातच आहे.