पोटरीतला गोळा आणि रक्तातली चरबी

शेतावर जाताना दोनशे पावलांवर पोटरीत गोळा येतो, बांधावर जरा थांबले की जातो, चालू लागले की पुन्हा येतो. आपल्या माळव्यात असल्या दुखण्याला वात म्हणून तेल चोळतात. आमचे मत असे की, माणूस पन्नाशीपुढचा असेल, त्यातून बिडी ओढणारा किंवा मधुमेही असेल, तर आधी त्याच्या पायाची नाडी पाहावी.

दुखणे स्नायूचे नसून त्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे असू शकते. एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तरात शिरते व थर वाढत जातो. पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तशी पायाची गत होते. अशा माणसाच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा निर्धोक नसतात. पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराच्या झटक्याचेच भय त्याला अधिक.

“आम्हांला तूप मिळते कुठे?” असे पुष्कळ जण म्हणतात. पण बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते, त्यामुळे सडपातळ शेतकऱ्याच्या रक्तातही ते वाढलेले सापडते. वनस्पती तुपातील ट्रान्स चरबीवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी त्यातली घट्ट चरबी राहतेच. इंदूरची शेव आम्हांलाही आवडते. रोज वाटीभर मात्र नको.

आरोग्य शिबिरांत साखर व रक्तदाब पाहून माणसाला घरी धाडतात, हे आम्हांला पटत नाही. पावलावर आणि घोट्यामागे बोटे ठेवून नाडी पाहायला मिनिटही लागत नाही. ती मंद लागली तर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजावा. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ दशांशांहून कमी भरला, तर धमनी अरुंद झाली असे डॉक्टर धरतात. सोबत रक्तातील चरबीची तपासणी करावी.

ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांना सिमव्हास्टॅटिन देऊन पाहिले, त्याचा निष्कर्ष २००२ साली आला. पायाच्या धमन्यांचा विकार असलेल्यांतही झटके वगैरे सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. ज्यांचे कोलेस्टेरॉल फार नव्हते त्यांनाही लाभ झाला. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बरे वाटले म्हणून परस्पर सोडू नये. बिडी मात्र त्याच दिवशी सोडावी. दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे हा क्रम डॉक्टरांना विचारून रोज ठेवला, तर चालण्याचे अंतर वाढते. अंगठ्यावरची जखम भरत नसेल किंवा रात्री पडल्या पडल्या पाऊल ठणकत असेल, तर सोयाबीनची कापणी उरकण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.