भुलाबाईचे डोळे
भाद्रपदाची पौर्णिमा जवळ आली की वऱ्हाडातल्या बाजारात भुलोजी-भुलाबाईच्या रंगीत जोड्या दिसू लागतात. हे शंकर-पार्वतीच, पण भिल्लाच्या रूपात. भुलोजीच्या डोक्यावर फेटा, सोबत छोटा गणोजी. कोजागिरीपर्यंत त्यांच्यापुढे पोरींची गाणी, आणि शेवटी डबा हलवून ओळखायची खिरापत. नांदगाव पेठेत एका कुंभाराच्या ओसरीवर मी ही रंगवणी जवळून पाहिली. आधी अंगभर पांढरा हात, तो वाळला की चेहऱ्याला गुलाबी, लुगड्याला हिरवा, काठाला पिवळा. डोळे सगळ्यात शेवटी. रंगवणाऱ्या मावशींनी बारीक कुंचला उचलला, क्षणभर श्वास रोखला, दोन रेघा ओढून मधे काळा ठिपका टेकवला, अन् माती माझ्याकडे पाहू लागली! चीनमध्ये वूशी शहराजवळ हुइशान डोंगराच्या पायथ्याच्या काळ्या मातीतून अशाच रंगीत बाहुल्या घडतात. गोबऱ्या गालांचं आ-फू बाळ ही त्यातली सगळ्यांत लाडकी. 2006 साली त्या कलेला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत जागा मिळाली. भुलाबाईची कला त्याहून तसूभरही उणी नाही, असं माझं ठाम मत आहे. पण सोयाबीन-कपाशीच्या शिवारात मखराला लागणारी ज्वारीची पाच धांडेसुद्धा आता शोधावी लागतात, आणि शेजारच्या दुकानात साच्यातलं प्लास्टर स्वस्तात मिळतं. यंदा लेकीला सोबत घेऊन कुंभाराच्या दारी जा, जोडी मातीचीच घ्या, आणि भाव करू नका.