गेम पुण्याचा, आवाज कुणाचा?

राजेहो, गेल्या तीन वीकेंडांत तीन गेम संपवले: 'हिटमॅन २', 'राजी' आणि 'वेंबा'. (नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडून करणार तरी काय? कूलर लावायचा आणि बसायचं.) परीक्षण लिहीत नाहीये, ती नेटवर ढिगाने आहेत. मला एक भांडण काढायचंय.

आधी 'हिटमॅन २'. २०१८ च्या या गेममध्ये एक अख्खी लेव्हल मुंबईची आहे. चाळी, गर्दी, लॉन्ड्री, सगळं झकास. ज्यांना मारायचं त्यातल्या एकाचं नाव वझीर काळे! हजेरीपटावर हे नाव वाचलं असतं तर मास्तर चष्मा पुसून पुन्हा बघतील. गोष्ट सगळी इंग्रजीत चालते. पण स्टुडिओ डेन्मार्कचा, त्यांच्यावर काय चिडणार? असो.

मग 'राजी'. हा मात्र आपला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. राजी नावाची पोर हरवलेल्या गोलूला, म्हणजे भावाला शोधत महाबलासुराशी भिडते. राजस्थानी महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा... डोळ्यांचं पारणं फिटतं. मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते आणि शेवट तर मध्येच लाईट गेल्यासारखा. तरी आवडला. क्राउडफंडिंगची मोहीम फसल्यावरही त्या छोट्या टीमने गेम पुरा केला, त्याला सलाम.

पण यातली दुर्गा आणि विष्णू आधी इंग्रजीत बोलायचे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला. मराठी आवाज नाही. गेम पुण्यात बनला तरी नाही.

हे बोललो की मित्र म्हणतो, "अबे, गेमला भाषा कशाला लागते? तू खेळ न चुपचाप." दुसरा म्हणतो, "मराठीत घेणार कोण?"

या दोघांना माझं उत्तर आहे 'वेंबा'. २०२३ चा, टोरांटोच्या विसाई गेम्सचा, जेमतेम दीड तासाचा. १९८८ मध्ये कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आणि आईची फाटकी पाककृतींची वही. पहिलं कोडं काय, तर इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक नीट कशा रचायच्या! पुढे मुलगा मोठा होतो आणि ती तमिळ वही त्याला धड वाचता येत नाही. मला तमिळचा एक शब्द येत नाही, तरी तिथे गळा दाटला. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणाच्या गेमचं बाफ्टा मिळालं. म्हणजे मार्केट फक्त तमिळ लोकांचं नव्हतं. परक्यालाही आपली भाषा ऐकवता येते, आधी ती आपल्याला ऐकवावीशी वाटली पाहिजे.

आता आपल्या धंद्यातला बहाणा: "देवनागरी नीट दिसत नाही रे." एकेकाळी खरं होतं. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये 'कि' लिहिलं की वेलांटी उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची. पण अनरीअलमध्ये हार्फबझ आहे. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्येही आहे, आणि गोडो तर फुकट आहे. हा प्रश्न सुटलेला आहे मंडळी. अडतंय ते आपल्या इच्छेपाशी.

आपल्याला काय चालतं बघा. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठ्यांकडून खेळता येतं, एवढ्यावर आपण खूश. फौज आपली, झेंडा आपला, पोट भरलं! अभिमानाचं खातं फक्त किल्ले आणि तलवारींवर चालवायचं, रोजच्या बोलण्याचं काय ते नंतर बघू.

ते 'नंतर' येतच नाही. माझा भाचा दहा वर्षांचा. कॉलनीतली पोरं मिळून मोबाईलवर खेळतात, सगळी मराठी घरांतली. माईकवर काय बोलतात? "पीछे से आ रहा है, कवर दे!" नागपुरात हिंदी तशीही आधी तोंडात येते, मान्य. माझं हिंदीशी भांडण नाही. पण मजा, थरार, जिंकणं, शिव्यासुद्धा दुसऱ्या भाषेत, आणि मराठी उरली "अभ्यास कर" आणि "जेवायला ये" यांच्यापुरती. ज्या भाषेत पोरगं फक्त बोलणी खातं, ती भाषा ते मोठं झाल्यावर कशाला सांभाळेल? 'वेंबा'तली वही वाचता न येणारा मुलगा कॅनडातच घडतो असं नाही, तो धरमपेठेतही घडतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. २०२५ मध्ये राज्याने अ‍ॅनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलं. उत्तम! मग सरकारी मदत मागणाऱ्या गेममध्ये मराठी आवाज आणि मराठी मजकूर हवा, एवढी अट घालायला काय हरकत आहे?

आणि सरकारची वाट तरी का बघायची? ऑफिसात आपण दहा भाषांचं लोकलायझेशन करून क्लायंटला देतोच की. आवडत्या भारतीय स्टुडिओला मेल टाका, मराठी भाषांतर करून देतो म्हणा. नाहीतर दीड तासाचा गेम बनवा: आजी, गोळाभात आणि सांबारवडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या पोरांना खेळता खेळता कळू दे :)

देव-असुर नकोत, बजेट नको. फक्त आजी मराठीत बोलली पाहिजे.