चार जिल्हे, दोन दप्तरे

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. नांदेड पोलीस परिक्षेत्रातही नेमके हेच चार जिल्हे आहेत. एकाच मुलखातली माणसे विद्यापीठाच्या दप्तरात विद्यार्थी, उत्तरदाते आणि संशोधनाचे विषय म्हणून येतात. पोलिसांच्या दप्तरात फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार म्हणून. समाजशास्त्र आणि गुन्हेशास्त्र यांचा संबंध या दोन दप्तरांच्या मधल्या जागेत आहे, आणि विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांची अभ्यासक्षेत्रे तपासायची तर तपासणी तिथूनच सुरू करणे सोयीचे.

विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची, म्हणजे हैदराबाद मुक्तिदिनाची. त्याआधी हा प्रदेश औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाकडे होता. ते १९५८ चे. त्याहीआधी इथल्या मुलांची उच्च शिक्षणाची वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जात असे. महाराष्ट्रातील समाजशास्त्राचा इतिहास सांगताना नेहमी मुंबईपासून सुरुवात होते: १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झालेला विभाग, १९२४ पासून त्याची धुरा वाहणारे गो. स. घुर्ये, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे. मराठवाड्याला आणखी एक कूळ आहे आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. श्यामाचरण दुबे यांचा भारतीय खेड्यावरील १९५५ चा प्रसिद्ध ग्रंथ उस्मानिया विद्यापीठाच्या पाहणीतून, हैदराबादजवळच्या शमीरपेटवर उभा राहिला. निजाम सरकारचे सल्लागार असलेले क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. विद्यापीठाने किनवटला उत्तमराव राठोड यांच्या नावाने आदिवासी विकास व संशोधन केंद्र काढले आहे; गोंड, कोलाम आणि आंध यांच्यावर काम करणाऱ्याला तिथे हायमेनडॉर्फपासून धागा पकडता येतो. एरवी पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकांत या भागाला उदाहरणापुरतीच जागा मिळते.

पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विषय इंग्रजी साहित्य. पण अमेरिकेतील निग्रो साहित्य आणि संस्कृतीवरील त्यांच्या मराठी लेखनाने वर्ण आणि जात यांची तुलना मराठी वाचकापुढे आणली. विषयांच्या भिंती न मानणारे हे काम समाजशास्त्राच्या विभागाला पूर्वपीठिका म्हणून शोभण्यासारखे आहे.

या विद्यापीठात सुट्या विभागांऐवजी संकुले आहेत. समाजशास्त्राचे घर सामाजिकशास्त्रे संकुलात. पदांची उतरंड सगळीकडे सारखी: सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे एका वेळी सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. म्हणजे एखादे पद रिकामे राहिले की वर्गातले तास तर बुडतातच, शिवाय एका अभ्यासक्षेत्राचे चार ते आठ प्रबंध लिहिलेच जात नाहीत. तास भरून काढायला तासिका तत्त्वावरचा शिक्षक मिळतो. त्याला तासाचे पैसे मिळतात, पण संशोधनासाठी वेळ, निधी किंवा उद्याची खात्री यांपैकी काही मिळत नाही. संलग्न महाविद्यालयांत समाजशास्त्राला बहुधा एकच शिक्षक असतो. कुटुंबसंस्थेपासून लोकसंख्येपर्यंत सगळे त्यानेच शिकवायचे. अशा माणसाला ‘तुमचे विशेष अभ्यासक्षेत्र कोणते’ असे विचारणे हा क्रूर विनोदच म्हणायचा.

याचा परिणाम प्रबंधांच्या शीर्षकांत दिसतो. ‘अमुक तालुक्यातील तमुक घटकाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा समाजशास्त्रीय अभ्यास’ हा साचा सर्व विद्यापीठांना परिचित आहे. तालुका बदलतो, घटक बदलतो. तीनशे उत्तरदाते, टक्केवारीची कोष्टके आणि शेवटी ‘गृहीतक सिद्ध झाले’ हे वाक्य कायम राहते. साचा वाईट म्हणून हे घडत नाही. प्रश्नावली भरून घेणे एकट्या माणसाला, स्वतःच्या खर्चाने, ठरलेल्या मुदतीत जमते. पोलीस ठाण्याची, न्यायालयाची, तहसिलीची कागदपत्रे मिळवणे जमत नाही. आणि या चार जिल्ह्यांचे खरे समाजशास्त्र त्या कागदपत्रांत आहे.

१९४८ घ्या. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात झालेल्या हिंसेची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून समितीने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग बीदरमध्ये. म्हणजे १९८२ मध्ये जन्मलेला लातूर जिल्हा आणि शेजारचा नांदेड मिळून त्या यादीतला मोठा हिस्सा व्यापतात. अहवाल कित्येक दशके दडलेला राहिला. त्याआधीचे रझाकारांचे अत्याचार गावोगाव सांगितले जातात, त्यांची स्मारके आहेत, पाठ्यपुस्तकांत धडे आहेत. नंतरच्या हिंसेबद्दल बोलताना आवाज खाली जातो. सामूहिक हिंसा कोण लक्षात ठेवतो आणि कोण विसरतो, हा गुन्हेशास्त्राचा तितकाच समाजशास्त्राचा प्रश्न. तो सोडवायला आता साक्षीदार फार थोडे उरले आहेत.

१९७८ चे साक्षीदार मात्र आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची ४ ऑगस्टला हत्या झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, आणि त्याच वर्षी नांदेडचे वेगळे विद्यापीठ झाले. आपल्या जन्माशी इतकी गुंतलेली घटना अभ्यासणे हे त्या विद्यापीठातील समाजशास्त्राचे पहिले काम ठरायला हवे. कोणत्या गावात वस्ती जाळली गेली आणि शेजारच्या गावात का नाही, जमीन, गायरान, गावकीची कामे नाकारणे आणि शिक्षण यांचा त्याच्याशी काय संबंध होता, हे गाववार तपासण्यासारखे आहे.

त्यानंतरचा कायदा १९८९ चा, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक. त्याची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दरवर्षी छापली जाते आणि वृत्तपत्रे तिच्यावर जिल्ह्यांची क्रमवारी लावतात. ती लावण्याआधी आकडा कसा तयार होतो हे पाहावे लागते. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील, तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजण्याची पद्धत आहे. अदखलपात्र म्हणून नोंदवलेली तक्रार या मोजणीत येतच नाही. एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढले की त्याचा अर्थ अत्याचार वाढले असा असू शकतो, किंवा लोक ठाण्यात जायला धजू लागले असाही असू शकतो. यातले कोणते खरे, हे सांगायला ठाणेदार पुरेसा नाही आणि नुसती प्रश्नावलीही नाही. गावात राहून माहिती काढणारा आणि सोबत ठाण्याची नोंदवही वाचणारा संशोधक लागतो.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत तर दोन्ही शास्त्रे वेगळी काढताच येत नाहीत. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण मुंबई राज्यात १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशय तसाच राहिला. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी विभागात ते आत्मकथन म्हणून शिकवले जाते. गुन्हेशास्त्राच्या दृष्टीने ते पहिल्या प्रतीचे साधन आहे: पोलीस, सावकार, मारवाडी दुकानदार आणि सूतगिरणी यांच्या मध्ये सापडलेली जमात आतून कशी दिसते, याची नोंद. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामवाटणी आणि विमुक्त जमातींना ‘सराईत’ मानणारे उल्लेख रद्द ठरवले. कायद्याच्या मुक्तीनंतर ७२ वर्षांनी! नियमावली बदलल्यावर नांदेडच्या कारागृहात काय बदलते, हा एका प्रबंधाचा तयार विषय आहे.

आत्महत्या हा समाजशास्त्राचा मूळ विषयांपैकी एक. एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून नव्या शास्त्राची पद्धत घालून दिली. मराठवाड्यात या परंपरेतले महत्त्वाचे काम नांदेड-लातूरच्या शेजारी, तुळजापुरात झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८६ मध्ये तिथे ग्रामीण केंद्र काढले होते. शेतकरी आत्महत्यांची कारणे शोधणारा त्या केंद्राचा अहवाल मार्च २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सादर झाला. अजय दांडेकर आणि सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून तो तयार केला. पुन्हापुन्हा बुडालेले पीक, वाढता उत्पादनखर्च, कर्ज आणि सावकारी यांची साखळी त्यात मांडली होती. जिल्हा प्रशासन मात्र प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागते, कारण एक लाखाची मदत द्यायची की नाही एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो. सातबारावर नाव नसलेली शेतकरी बाई या गणनेत गृहिणी ठरते, कसणारा कूळ मजूर ठरतो. दुर्खीम यांनी ज्या सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवला, त्या आकड्यांवर पुढे जी टीका झाली, तिचे जिवंत उदाहरण तहसील कार्यालयात पाहायला मिळते.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. विद्यापीठ त्यानंतर वर्षभराने. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचे घर, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. जुन्या गावात वाडा आणि झोपडी यांत असलेला फरक सरकारी आराखड्याने तीन आकड्यांत पक्का केला, आणि आकारावर गल्ल्या पाडल्यामुळे जातींच्या वस्त्यांची जुनी रचना काही ठिकाणी मोडली, काही ठिकाणी नव्या रूपात आली. त्या घरांत वाढलेली पिढी आता तिशीत आहे. तिचा अभ्यास बाहेरून आलेल्या संस्था करून जातात. लातूरला विद्यापीठाचा उपपरिसर असताना हे काम पाहुण्यांवर सोडणे नामुष्कीचे आहे.

गुन्हा म्हणजे चोरी-दरोडा एवढेच मानले, तर लातूरचे अलीकडचे प्रश्न हातून सुटतात. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लागले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पाण्याची टंचाई कायदा-सुव्यवस्थेचा विषय कधी बनते, हे त्या दोन महिन्यांत दिसले. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीची कल्पना मांडली. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे उगवले नसल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ती कल्पना बांधावर तपासता आली असती. ‘लातूर पॅटर्न’ने दहावी-बारावीच्या निकालांना बाजारमूल्य दिले. जून २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात लातुरात गुन्हा दाखल झाला, तोही नुकत्याच लागू झालेल्या सार्वजनिक परीक्षांच्या कायद्याखाली. शिकवणी, वसतिगृह, खाणावळ आणि दलाल यांची ही अर्थव्यवस्था आतून उलगडून दाखवणारा शैक्षणिक समाजशास्त्राचा अभ्यासक शहरात हवा.

गुन्हेशास्त्राचा स्वतंत्र विभाग हे यावरचे उत्तर नव्हे. सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांचा एकत्रित विभाग काढला. तेव्हापासून देशात पुष्कळ ठिकाणी या विषयाचा ओढा प्रयोगशाळेकडे राहिला. रक्त, बोटांचे ठसे आणि आता मोबाइलमधला डेटा तपासणारे लोक लागतात, त्यासाठी नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या टाटा संस्थेने दुसरी वाट धरली. तिथे गुन्हेशास्त्र समाजकार्याशी जोडले गेले आणि १९९० पासून ‘प्रयास’ या प्रकल्पातून कैदी, त्यांची कुटुंबे आणि सुटकेनंतरचे जगणे यांच्यासोबत काम सुरू झाले. नांदेडला दुसरी वाट मानवते. तिच्यासाठी इमारत लागत नाही. समाजशास्त्रात कायदा, पोलीस आणि शिक्षा यांवर काम करणारी दोन कायम पदे, आणि परिक्षेत्राचे महानिरीक्षक, जिल्हा न्यायालये व कारागृह यांच्याशी नोंदी पाहू देण्याचा लेखी करार एवढे पुरते. नावे झाकून नोंदी देण्याची पद्धत बसवता येते.

बदल्यात देण्यासारखे विद्यापीठाकडेही आहे. लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून बाहेर पडणारा तरुण शिपाई कुठल्याही तालुक्यात गेला, तरी पहिल्याच वर्षी त्याच्यासमोर जातीय तणाव, बालविवाह, जातपंचायतीचा बहिष्कार आणि सावकाराची दहशत येऊन उभी राहते. २०१४ चा सावकारी नियमनाचा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्याला तोंडपाठ असू शकतो. पण बहिष्कृत कुटुंबाशी गावातले कोणीच बोलत नसताना साक्षीदार कुठून आणायचा, हे कलमात लिहिलेले नसते. त्याविषयी सांगू शकणारे प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पडून आहेत, त्यांतले कित्येक मराठीत. बाभळगावच्या प्रशिक्षणात त्यांतून निवडलेल्या प्रकरणांचे वाचन ठेवायला नव्या पदाचीही गरज नाही.