शेल गॅसचा शेअर आणि ट्रम्प यांच्या नावाची टीप

अमेरिकी शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या मराठी गुंतवणूकदारांसाठी जाहीर पत्रक



रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतीय रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मोबाइलवरच्या अ‍ॅपमुळे पुण्या-नाशकात बसून पेनसिल्व्हेनियातल्या गॅस कंपनीचा शेअर घेणेही आता सोपे झाले आहे. या सोयीबरोबर एक टीपही हातोहात फिरते: ट्रम्प आलेत, गॅसचे शेअर घेऊन टाका; डेमोक्रॅट आले की विकून मोकळे व्हा. ही टीप चुकीची आहे, हे पुराव्यानिशी सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे. राजकीय अनिश्चिततेचा शेल गॅस कंपन्यांना फटका बसतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो फटका कुठे बसतो याबद्दल. राष्ट्राध्यक्ष कोण, यावर विहिरी फारशा अवलंबून नसतात. विहिरीतला गॅस गिऱ्हाइकापर्यंत नेणारी पाइपलाइन, तिला लागणारे राज्याराज्यांचे परवाने आणि समुद्रकाठचे टर्मिनल, इथे राजकारण कंपनीची मान धरते.

आधी टीप तपासू. ओबामा हे तेल-गॅसवाल्यांचे लाडके नव्हते. तरीही 2008 च्या तुलनेत 2016 मध्ये अमेरिकेचे नैसर्गिक वायूचे उत्पादन सुमारे तीस टक्क्यांनी जास्त होते, आणि ही वाढ शेलमुळे झाली. ट्रम्प तर उघडउघड या धंद्याच्या बाजूचे. पण त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत एस अँड पी 500 मधले ऊर्जा क्षेत्र तळाला गेले, आणि शेल क्रांतीतली आघाडीची कंपनी चेसापीक हिने 2020 च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षी हेन्री हब या अमेरिकी गॅसचा भाव ठरवणाऱ्या केंद्रावरचा सरासरी भाव दर दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटला जेमतेम दोन डॉलर होता. मग आले बायडेन. सरकारी जमिनींवरचे नवे भाडेपट्टे त्यांनी पहिल्याच आठवड्यात थांबवले. पुढे काय झाले? 2021 आणि 2022 अशी दोन्ही वर्षे ऊर्जा क्षेत्र बाजारात पहिले आले, आणि 2023 मध्ये अमेरिका द्रवरूप गॅसची जगातली सर्वांत मोठी निर्यातदार झाली. टिपेप्रमाणे वागणाऱ्याने मंदीच्या तोंडावर खरेदी केली असती आणि तेजीच्या तोंडावर विकून टाकले असते.

यावर कोणी म्हणेल की 2022 ची तेजी युक्रेनच्या युद्धाने आणली, आणि युद्ध हे राजकारणच आहे. मान्य. पण त्याच वर्षी 8 जूनला टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या फ्रीपोर्ट या द्रवरूप गॅस निर्यातीच्या टर्मिनलला आग लागली. दुरुस्तीला महिने लागणार हे जाहीर होताच अमेरिकेतला गॅस एका दिवसात धाडकन उतरला आणि युरोपातला चढला. युद्ध चालूच होते, युरोप गॅससाठी तडफडत होता, पण दार बंद झाल्यामुळे अमेरिकी गॅस घरातच अडकला. जागतिक राजकारणाने दिलेला भाव कंपनीच्या पदरात पडायचा तर मधली वाट उघडी लागते.

याचे कारण या धंद्याच्या घडणीत आहे. शेल खडकातली विहीर अल्पायुषी असते. पहिल्या वर्षातच तिचे उत्पादन निम्म्याहून जास्त घटते, त्यामुळे घातलेला पैसा निघतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, नाहीतर निघतच नाही. एवढ्या काळात राष्ट्राध्यक्षाची फार तर एक निवडणूक होते. शिवाय अमेरिकेत जमिनीखालचे खनिज बहुधा जमीनमालकाच्या मालकीचे असते. त्याला रॉयल्टी मिळते, म्हणून विहिरीच्या बाजूने गावातच मतदार तयार होतात. टेक्सासमधल्या डेंटन शहराने 2014 च्या नोव्हेंबरात मतदान घेऊन फ्रॅकिंगवर, म्हणजे खडक दाबाने फोडून गॅस काढण्यावर, बंदी घातली. पुढच्याच मे महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने शहरांचा असा अधिकारच कायद्याने काढून घेतला. पाइपलाइनीचे गणित उलटे आहे. तिचा खर्च वसूल व्हायला वीस-वीस वर्षे लागतात, आणि ती ज्यांच्या शेतातून जाते त्यांना रॉयल्टी नव्हे, जमिनीची एकवार भरपाई मिळते. त्यामुळे तिला विरोध ठरलेला, आणि इतक्या वर्षांत राज्यपाल, न्यायाधीश, नियम हे सगळे बदलणार हेही ठरलेलेच.

कॉन्स्टिट्यूशन पाइपलाइनची हकीकत याच दृष्टीने वाचावी. पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहाना परगण्यातला स्वस्त गॅस सुमारे दोनशे किलोमीटर नळातून न्यूयॉर्क राज्यात न्यायचा, एवढाच बेत. केंद्रीय नियामकाने 2014 च्या डिसेंबरात मंजुरी दिली. 2016 च्या सुरुवातीला मार्गातली मेपलची झाडे सशस्त्र मार्शलांच्या पहाऱ्यात तोडलीसुद्धा. त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याने नद्या-ओढ्यांच्या पाण्याचे कारण देऊन आपला दाखला नाकारला. केंद्रात ट्रम्प आले, त्यांनी असे दाखले अडवण्याचा राज्यांचा अधिकार आवळण्याचे फर्मान काढले, तरी काही हलले नाही. 2020 च्या फेब्रुवारीत, ट्रम्प यांच्याच कारकिर्दीत, पाइपलाइन बांधणाऱ्या विल्यम्स कंपनीने प्रकल्प सोडला. मधल्या काळात, 2018 च्या जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, बॉस्टनजवळ गॅसेलिस नावाचे जहाज लागले. त्यातल्या मालात रशियाच्या यामाल प्रकल्पातला गॅस होता. पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेल थराचे अफाट साठे तिथून काहीशे किलोमीटरवर पडून होते.

हा एकच दाखला नाही. अटलांटिक कोस्ट पाइपलाइनच्या कंपन्यांनी 2020 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी खटला जिंकला आणि तीन आठवड्यांच्या आत प्रकल्पच गुंडाळला, कारण खर्च आठ अब्ज डॉलरवर गेला होता आणि इतर परवान्यांचे खटले संपायची चिन्हे नव्हती. माउंटन व्हॅली पाइपलाइन साडेतीन अब्ज डॉलरमध्ये व्हायची होती. साडेसात अब्जांच्याही वर गेल्यावर 2024 च्या जूनमध्ये ती सुरू झाली. तीही काँग्रेसने 2023 मध्ये कर्जमर्यादेच्या कायद्यात तिच्यासाठी खास कलम घातले म्हणून, आणि त्या कायद्यावर सही होती बायडेन यांची. टिपेतला 'गॅसविरोधी' राष्ट्राध्यक्ष तो हाच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप बंदीचा. फ्रान्सने 2011 मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली, न्यूयॉर्कने 2014 च्या डिसेंबरात घातली. तिथे तर विहिरीवरच घाला पडला ना? पडला. पण या बंद्या बहुतेक ठिकाणी मोठा पैसा जमिनीत जाण्याआधी आल्या. स्पष्ट बंदी असली की शहाणा गुंतवणूकदार तिकडे फिरकत नाही, त्याचे नुकसान मर्यादित राहते. खरा घात हो-नाहीच्या हेलकाव्यात होतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विहिरीपाशी 2.9 तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसल्यावर 2019 मध्ये सरकारने फ्रॅकिंग थांबवले. 2022 च्या सप्टेंबरात पंतप्रधान लिझ ट्रस यांनी स्थगिती उठवली, आणि ऑक्टोबर संपायच्या आत नवे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ती पुन्हा लावली. दोन्ही सरकारे एकाच पक्षाची होती. पक्ष बघून पैसे लावणाऱ्याला इथे काय उत्तर मिळाले असते?

दुसरा आक्षेप अर्जेंटिनाचा, आणि तो वजनदार आहे. तिथे 2012 मध्ये सरकारने वायपीएफ या तेल कंपनीतला 51 टक्के हिस्सा स्पेनच्या रेपसोलकडून काढून घेतला. वाका मुएर्ता या प्रचंड शेल साठ्याची वाहवा सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. जिथे सरकार मालकीच हिसकावते, भाव स्वतः ठरवते आणि डॉलर देशाबाहेर नेऊ देत नाही, तिथे राजकारण विहिरीच्या तोंडाशीच बसलेले असते, हे आम्ही नाकारत नाही. अशा देशात आमचा नियम जसाच्या तसा लावू नये. पण त्याच वायपीएफबरोबर पुढच्याच वर्षी शेव्हरॉनने एक अब्ज डॉलरहून मोठा करार केला, आणि तो करताना माल व पैसा बाहेर नेण्याच्या सवलती आधी पदरात पाडून घेतल्या. म्हणजे तिथेही जाणकाराने वाटच आधी बांधून घेतली.

तिसरा आक्षेप असा की वाटेचे कारण पुढे करून आम्ही भाव विसरतो. उलट, वाट आणि भाव एकच आहेत. पश्चिम टेक्सासमध्ये राजकारण पूर्णपणे धंद्याच्या बाजूचे, तरी पाइपलाइन अपुऱ्या पडल्या म्हणून 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये वाहा इथला गॅसचा भाव शून्याखाली गेला. नारायणगावच्या शेतकऱ्याने टोमॅटो रस्त्यावर ओतावा तसेच हे, फक्त इथे उचलून नेणाऱ्यालाच वर पैसे मोजायचे. मित्र सरकार असूनही ही गत होते, मग परवाना रोखणारे सरकार वाटेत बसले की काय होईल, याचा विचार करावा.

या हिशेबाचा आपल्या अंगणाशीही संबंध आहे. गेल या सरकारी गॅस कंपनीने अमेरिकेतल्या दोन टर्मिनलांशी वीस वर्षांचे करार करून वर्षाला 58 लाख टन द्रवरूप गॅस बांधून घेतला, आणि त्यातले पहिले जहाज 30 मार्च 2018 रोजी आपल्या दाभोळला लागले. हे दाभोळ म्हणजे एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचेच. तो प्रकल्प महाराष्ट्रातल्या 1995 च्या सत्तांतराने बुडाला, असे आजही सांगितले जाते. वास्तविक रद्द झालेला करार काही महिन्यांत पुन्हा झाला, 1999 मध्ये वीजही सुरू झाली. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला तो त्या विजेचा भाव वीज मंडळाला पेलवेना म्हणून. रिलायन्सचेही तसेच. 2010 मध्ये कंपनीने अ‍ॅटलस या अमेरिकी कंपनीबरोबर मार्सेलसमध्ये 1.7 अब्ज डॉलरचा व्यवहार केला. पेनसिल्व्हेनियाने बंदी घातली नाही, राष्ट्राध्यक्षांनी काही हिसकावले नाही. तरी 2021 मध्ये तो हिस्सा 25 कोटी डॉलरला विकावा लागला.

म्हणून आमचे आवाहन आहे. शेल गॅसचा शेअर सुचवणाऱ्या सल्लागाराला निवडणुकीचा अंदाज विचारू नका. कंपनीचा गॅस कोणत्या पाइपलाइनीतून जातो, तिच्यात कंपनीची जागा किती वर्षांसाठी पक्की आहे, कोणत्या राज्याचा कोणता परवाना अजून बाकी आहे किंवा कोर्टात आहे, हेन्री हबचा भाव दोन डॉलरवर आला तर कर्जाचे हप्ते कसे भरणार, आणि माल चीनसारख्या एकाच गिऱ्हाइकाकडे जात असेल तर 2025 च्या फेब्रुवारीत त्याने लावला तसा 15 टक्के आयातकर लागल्यास काय, हे विचारा. यातली बरीच माहिती कंपन्यांच्या वार्षिक अहवालात छापलेली असते. ती न वाचता जो 'ट्रम्प आलेत' एवढेच सांगतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि गेल, ऑइल इंडिया, इंडियन ऑइल या सरकारी कंपन्यांचा पैसा तुमचा-आमचा आहे. परदेशी शेल क्षेत्रांत त्यांनी किती घातले, किती परत आले आणि तोट्यातला कोणता भाग भावाचा, कोणता वाटेचा, कोणता राजकारणाचा, याचा हिशेब मराठीसह सर्व भाषांत जाहीर करा, अशी मागणी आपापल्या खासदाराकडे लेखी करा.

हे पत्रक वाचून झाल्यावर पुढच्या गुंतवणूकदाराच्या हातात द्यावे.