पारव्यांचा वाली कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जे रणकंदन माजले, ते आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. महानगरपालिकेने ताडपत्री घालून ती जागा बंद केली, जमावाने ती ताडपत्री ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात होतेच आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एका बाजूस धर्मभावना, दुसऱ्या बाजूस माणसांची फुप्फुसे आणि मधल्या मध्ये पारवे, असा तो देखावा होता. त्या वादाचे पडसाद मांडवीच्या तीरापर्यंत पोचले नसते तरच नवल. पारव्याचे नाव काढताच नाक मुरडण्याची एक रीत अलीकडे आपल्याकडेही पडू लागली आहे. ती दाणे टाकणाऱ्यांपुरती मर्यादित राहिली असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु जखमी पक्षी उचलून घरी नेणारी, रात्र रात्र जागून त्याची शुश्रूषा करणारी जी मूठभर माणसे आहेत, त्यांच्याकडेही शेजारपाजारचे लोक आता गुन्हेगाराकडे पाहावे तसे पाहू लागले आहेत. हे मात्र आम्हांस सर्वथा अनुचित वाटते.

ह्या माणसांशी आमची ओळख योगायोगानेच झाली. पावसाळ्यातील एका सकाळी आमच्या छापखान्याच्या जिन्यात एक पारवा पंख पसरून पडलेला आढळला. आमच्या शिपायाने तो उचलून खोक्यात ठेवला आणि भूतदयेच्या भरात चमच्याने त्याच्या चोचीत पाणी ओतले. आम्हीही ते पाहून समाधानाने मान डोलावली. मग दूरध्वनी सुरू झाले. एका दवाखान्यातून उत्तर आले की येथे गुरे आणि कुत्री पाहतात, पाखरे नव्हेत. दुसऱ्या एका कचेरीने हा पक्षी वन्य की पाळीव अशी पृच्छा केली. आम्हांस उत्तर सुचेपर्यंत पलीकडून फोन ठेवलाही गेला होता. अखेर तिसऱ्या प्रहरी भर पावसात स्कूटरवरून एक तरुण मुलगी आली. दिवसा ती एका औषधाच्या दुकानात काम करते. खोक्यात डोकावताच तिने पहिला प्रश्न केला, "काका, ह्याला पाणी पाजलंत का?" आम्ही मोठ्या अभिमानाने होय म्हणालो. "असं कधी ओतू नका हो. श्वासनळीत जातं आणि त्यानंच मरतो बिचारा." पन्नाशी उलटलेल्या संपादकाला त्याच्याच खुर्चीसमोर मिळालेला हा धडा आम्ही निमूटपणे ऐकून घेतला.

पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशी उघडेच असते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. पारवा तर पाणी पितो तेही इतर बहुतेक पक्ष्यांहून निराळ्या रीतीने: चोच पाण्यात बुडवून तो ते ओढून घेतो. म्हणजे उथळ वाटी समोर ठेवणे एवढेच आपले काम. त्या मुलीने पक्षी उलटा करून पाय दाखविला. शिवणकामाचा दोरा आणि माणसाचे लांब केस ह्यांचा पीळ बोटांभोवती इतका घट्ट बसला होता की दोन बोटे काळी पडून वाळून गेली होती. पारवा जमिनीवर चालून दाणे टिपणारा पक्षी. आपण फेकलेला दोरा त्याच्या पायात अडकतो, चालता चालता आवळतो आणि रक्त बंद होऊन बोट गळून पडते. पॅरिस शहरातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत असे आढळले की ज्या वस्तीत केशकर्तनालये अधिक, त्या वस्तीत बोटे तुटलेले पारवेही अधिक. बाजारात लंगडणारे पारवे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ते जन्मतःच तसे असावेत अशी आमची आजवर समजूत होती.

आता दाण्यांच्या प्रश्नाविषयी आमचे मत आडपडदा न ठेवता सांगतो. चौकाचौकांत पोती रिकामी करणे ही भूतदया नव्हे. पारवा हा मूळचा कडेकपारीत राहणारा पक्षी. आपण उंच इमारती बांधल्या आणि त्याला हवे तसे कडे आयते करून दिले. त्यातून त्याची आणखी एक सोय अशी की दाणे खाणाऱ्या इतर अनेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात, तसे पारव्यांना लागत नाहीत. नर आणि मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवितात. साहजिकच बाराही महिने दाणा मिळाला तर बाराही महिने वीण चालते. मग वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांचा भुगा श्वासावाटे माणसांच्या छातीत जातो आणि काहींना फुप्फुसांचा चिवट, प्रसंगी कायमचा विकार जडतो. वैद्यांचा हा इशारा खोटा नव्हे. तेव्हा दाणे बंद करा असे कोणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. आणि गंमत अशी की, पक्ष्यांची शुश्रूषा करणारी ती मुलगीही त्याच बाजूची निघाली. गर्दी वाढली की रोग पसरतात आणि भोगावे लागते ते पाखरांनाच, असे तिचे सांगणे.

पण संख्या आटोक्यात ठेवणे ही एक गोष्ट आणि समोर तडफडणाऱ्या जिवाला लाथेने गटारात लोटणे ही दुसरी. ह्या दोहोंची गल्लत करणारे लोक स्वतःस व्यवहारी म्हणवितात. आपल्या परंपरेने पारव्याला सदैव मखरात बसविले असेही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कपोत हा निर्ऋतीचा दूत म्हणून येतो, आणि घरात पारवा घुमणे अशुभ मानणारी माणसे आजही आहेत. परंतु महाभारतात शिबी राजाच्या मांडीवर येऊन पडतो तोही कपोतच. ससाण्याने तेथे राजाला बिनतोड प्रश्न केला होता: ह्याला वाचवितोस, मग माझ्या भुकेचे काय? शिबीने त्याला धर्मशास्त्र ऐकविले नाही की दाण्यांचे पोते आणून ओतले नाही. तराजूत स्वतःच्या अंगाचे मांस घातले. पुण्याची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांतून वसूल करणाऱ्या आजच्या दानशूरांनी ही कथा पुन्हा एकदा वाचावी. आणि शरण आलेल्या पाखराला झिडकारणाऱ्यांनीही वाचावी.

हा पक्षी जखमी होतो तो बहुतेक वेळा आपल्यामुळेच. घरात शिरला की छताच्या पंख्यात सापडतो, काचेच्या भिंतीवर आकाश समजून आदळतो, सज्ज्याला लावलेली जाळी फाटली की तिच्यात लटकून राहतो. आपल्या किनाऱ्यावर टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांची भर आहेच. मांज्याचा उत्पात गुजरातेत सर्वांत मोठा. उत्तरायणाच्या दोन दिवसांत अहमदाबाद-बडोद्याच्या आकाशात दोऱ्यांचे जे जाळे पसरते, त्यात कापल्या गेलेल्या पक्ष्यांसाठी तेथील शासन २०१७ पासून दर जानेवारीत 'करुणा अभियान' चालविते. वनखाते, पशुवैद्य आणि स्वयंसेवक त्या दिवसांत एकत्र राबतात. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांज्यावर जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही तो दर वर्षी विकला जातो, पाखरांचे पंख कापतो, दुचाकीस्वारांचे गळेही कापतो. त्याला 'चिनी' म्हणायचे आणि तो तयार करायचा आपल्याच देशात, हा एक खास भारतीय विनोद!

वाचकांपैकी कोणाच्या दारात असा पक्षी उद्या येऊन पडला तर काय करावे, हे त्या मुलीकडून आम्ही विचारून घेतले आहे. पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्यास भोके पाडावीत, तळाशी कापड अंथरावे, पक्ष्यावर हलकेच फडके टाकून दोन्ही हातांनी त्यास उचलावे आणि खोके बंद करून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. भेदरलेल्या पक्ष्याला अंधार आणि ऊब ह्यांइतके दुसरे औषध नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवली तर उत्तम. दूध, पाव, भात ह्यांतले काही देऊ नये. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. तेल लावू नये, कारण तेलाने माखलेली पिसे निकामी होतात. मोडलेल्या पंखाला आगकाडीची खपाची बांधण्याचे आपले घरगुती शल्यकर्म तर मुळीच करू नये. मांजराने पकडलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावा. मांजराच्या दातांतले जंतू त्याचा जीव घेऊ शकतात. पिल्लू घरट्यातून पडले आणि त्यास इजा नसेल तर ते उचलून परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकून देतात, ही आपली जुनी समजूत पारव्यांच्या बाबतीत खरी नाही.

कधी कधी पारव्याची मान पिळल्यासारखी वळते, तो गोल गोल फिरतो आणि दाणा टिपू गेला तर चोच भलतीकडेच पडते. हा पाहून लोक करणी आणि नजर काढतात, नाहीतर दया म्हणून त्याचा जीव घेतात. कोंबड्यांना होणाऱ्या राणीखेत रोगाच्या विषाणूचाच हा एक भाऊबंद. अशा पक्ष्याला कोंबड्यांपासून आणि इतर पारव्यांपासून दूर ठेवावे लागते, हाताने भरवावे लागते. मग काही आठवड्यांनी त्यांतले कितीतरी पुन्हा नीट उभे राहतात. पण ते आठवडे कोण देणार? आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुणे, पिंजरा साफ करताना तोंडाला फडके अथवा मुखपट्टी बांधणे, विष्ठा कोरडी न झाडता ओली करून पुसणे, हेही पाळावेच लागते. ह्या स्वयंसेवकांनी स्वतःच्या छातीची हेळसांड करू नये, असे आम्ही त्यांना वडीलकीच्या नात्याने बजावतो.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराच्या आवारात गेली कित्येक दशके पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय चालू आहे. तेथे येणाऱ्यांत पारवेच अधिक, आणि बरे झालेले पक्षी आकाशात सोडून दिले जातात. मांसाहारी पक्ष्यांविषयी त्या रुग्णालयाचे नियम वेगळे, म्हणून त्याच शहरात मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद ह्या दोघा भावांनी घारींची शुश्रूषा आपल्या घराच्या तळघरात सुरू केली. साबणाची यंत्रे बनविण्याचा त्यांचा धंदा. त्या धंद्याच्या पसाऱ्यातच घारींचे पिंजरे. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा चित्रपट २०२३ मध्ये ऑस्करच्या स्पर्धेपर्यंत गेला. जग टाळ्या वाजवू लागले, तेव्हा ते दोघे वर्षानुवर्षे तेच काम करीत आलेले होते. आमच्या गोव्यातल्या ह्या मुलामुलींवर कोणी चित्रपट काढणार नाही. त्यांना तो नकोही आहे. त्यांना हवा आहे एक पशुवैद्य, जो पाखराला हात लावायला कचरणार नाही.

प्राण्यांस निर्दयपणे वागविण्याविरुद्धचा कायदा १९६० साली झाला. त्यासाठी राज्यसभेत प्रथम आवाज उठविला तो नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी. १९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ५१क आला आणि सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. उत्तम! परंतु कर्तव्य बजावू इच्छिणाऱ्या नागरिकाने रविवारी दुपारी रक्तबंबाळ पक्षी घेऊन कोठे जावे, हे कोणत्याही अनुच्छेदात लिहिलेले नाही. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाखरांसाठी दोन पिंजरे, एक उष्णतेचा दिवा, बारीक कात्री-चिमटा आणि आठवड्यातून दोन दिवस पक्ष्यांची माहिती असलेला डॉक्टर, एवढ्याने काय तिजोरी रिकामी होणार आहे? कार्निव्हालच्या एका चित्ररथाच्या खर्चात ते बहुधा बसेल. नगरपालिकांनी ह्या स्वयंसेवकांना वस्तीपासून दूर एखादी रिकामी खोली द्यावी, म्हणजे सज्ज्यात पिंजरा ठेवल्यावरून शेजाऱ्यांशी होणारी भांडणेही मिटतील. त्या भांडणात शेजाऱ्यांचे काही चुकते असे नाही; घराच्या भिंतीला भिंत लागून आजारी पक्ष्यांचा दवाखाना असू नये हे खरेच आहे. म्हणूनच तर खोली हवी.

आमचा पारवा चोवीस दिवसांनी परत आला. दोन बोटे गेली ती गेलीच. त्या मुलीने त्याला आमच्याच गच्चीवरून सोडले. तो समोरच्या कौलांवर बसला, जरा लंगडला, मग उडाला. त्याच आठवड्यात तिच्याकडचे दुसरे तीन पक्षी दगावले होते, हे तिने निघताना जिन्यात सांगितले आणि लगेच दुसरा विषय काढला. कशाची मदत पाठवू, असे विचारता तिने पैसे मागितले नाहीत. पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी, एवढेच मागितले. पिंजऱ्यात अंथरायला वर्तमानपत्र फार लागते म्हणे. तेव्हापासून विक्रीवाचून परत आलेल्या आमच्या अंकांचा एक गठ्ठा दर शनिवारी तिच्याकडे जातो, अग्रलेखांसकट. ज्या वाचकांपाशी रद्दी, जुनी फडकी वा रिकामी खोकी असतील, त्यांनी ती आमच्या कार्यालयात आणून द्यावीत. ती योग्य हाती पोचविण्याची जबाबदारी आमची.